हरणाचा ट्रे आणि एफीचा शेवटचा डोंगर

मित्रांनो, मी एक जुना चहाचा ट्रे आहे. पत्र्याचा, लांबट गोल, दोन्ही बाजूंना धरायला कान असलेला. माझ्या मधोमध एक रुबाबदार हरीण रंगवलेले होते. आता त्याची शिंगे आणि एक डोळा तेवढा उरला आहे. बाकीचे हरीण कुठे सांडले ते पुढे सांगतोच. जगात ट्रे पुष्कळ असतात. कपबशा वाहतात, सांडलेला चहा अंगावर घेतात आणि एक दिवस गंजून जातात. पण स्कॉटलंडच्या डोंगरमाथ्यांवर उघड्यानागड्या माणसांची लाज राखणारा ट्रे माझ्या माहितीत मी एकटाच आहे. हसलात ना? हसा, हसा. मलाही सांगताना हसू आवरत नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका शहरात, पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका मोठ्या यंत्राने वरून धप्पकन दाबले आणि सपाट पत्र्याला कडा आणि कान आले. मग मी रंगाच्या खोलीत गेलो. तिथल्या रंगवणाऱ्या बाईला सकाळपासून हरणे रंगवून कंटाळा आला असावा, कारण माझ्या हरणाची मान तिने सरळ न ठेवता जराशी वळवली आणि नजर तिरकी केली. शेजाऱ्याने काहीतरी वावगे केले आहे आणि आपण ते पाहिले आहे, असा त्याचा चेहरा झाला. या तिरक्या नजरेला पुढे काय काय पाहावे लागणार आहे हे तिला कळले असते, तर तिने त्याचे डोळे मिटूनच रंगवले असते.

मला विकत घेतले पेगी गिलिसने. ती उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी, तळ्याकाठच्या एका लहान गावात राहत असे. तिच्या धाकट्या बहिणीने, एफीने, गावात चहाचे दुकान काढले तेव्हा पेगीने मला कागदात गुंडाळून भेट दिले. आई लवकर गेल्यामुळे एफीला पेगीनेच लहानाचे मोठे केले होते. त्यामुळे एफीला बहीण नाही, घरातच सासू आहे, असे गावकरी म्हणत. पेगीला खळखळून हसताना कुणी पाहिले नव्हते. रविवारी चर्चमध्ये गाताना मात्र तिचा आवाज पार मागच्या बाकापर्यंत जाई आणि तिथे पेंगणाऱ्यांना जागे करी.

दुकानात माझे दिवस मोठ्या मजेत गेले. गरम स्कोन, म्हणजे आमच्याकडचे छोटे फुगीर पाव, लोणी, जॅम आणि वाफाळती किटली घेऊन मी दिवसभर मिरवत असे. दुकानातले भाजणे विल्मा करी. तिचा नवरा डूगल टपालवाला होता. सकाळचे टपाल वाटून झाले की तो खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसे आणि गावातल्या बातम्या माझ्या डोक्यावरून एफीपर्यंत पोचवत असे. पावसात भिजून आलेले गिर्यारोहक मला पाहून म्हणत, "काय झकास हरीण आहे!" मग मी असा काही फुगून जाई की माझ्यावरच्या बशाही किणकिणत.

पण कौतुक किती दिवस पुरणार? एक दिवस दुकानात प्लास्टिकचे चॉकलेटी ट्रे आले. वजनाला हलके, रंगाला मळखाऊ, आणि पडले तरी तोंडातून शब्द नाही. मी पडलो की सगळे दुकान दचकत असे, हाच माझा गुन्हा. एफीने मला खिडकीत फुलांच्या कुंड्यांखाली सरकवले. कुंड्यांतले पाणी माझ्या अंगावर ठिबके. कडेला गंज चढू लागला. खिडकीतून मला डोंगर दिसत, पण डोंगराशी आपला काही संबंध येईल असे कुठल्या ट्रेला वाटते? मला रडू येई, पण मी आधीच इतका ओला असे की ते कुणाला कळले नसते.

आता तुम्हाला इथल्या माणसांचे वेड सांगायला हवे. आमच्याकडे तीन हजार फुटांहून उंच असे दोनशे ऐंशीच्या वर डोंगर आहेत. ते एकेक करून सगळे चढून संपवायचे, हे ते वेड. एरवी शहाणीसुरती माणसे, पण हे तीनहजारी डोंगर एकदा अंगात शिरले की संपले. पाऊस, चिखल, धुके, समोरचा हात दिसत नाही, तरी वर जातात, माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लावतात आणि खाली येऊन म्हणतात, काय मजा आली! एफीला हे वेड लागले, तिच्यामुळे विल्माला आणि विल्मामुळे डूगलला. रविवारी डोंगर चढणे पेगीच्या लेखी पाप होते, म्हणून सोमवारी दुकान बंद ठेवून ही तिघे निघत. पेगी तरीही विचारी, "वर काय आहे? वारा. तो खाली नाही का?"

डूगलचा साठावा वाढदिवस सोमवारी आला. विल्माने त्याच्यासाठी मनुकांचा गोड गोळा केला, कापडात बांधून उकडलेला. आमच्याकडे वाढदिवसाला हाच असतो. तो इतका अवाढव्य झाला की कुठल्याच डब्यात मावेना.

"प्लास्टिकच्या ट्रेवर बांध की," डूगल म्हणाला.

"तो वाकतो. तुझा वाढदिवस वाटेतच चिखलात जायचा," एफी म्हणाली, आणि तिची नजर खिडकीकडे गेली.

मित्रांनो, तिने कुंड्या उचलल्या तेव्हा माझ्या अंगावरून डोंगर उतरल्यासारखे वाटले. तिने मला घासले, पुसले आणि मनुकांच्या गोळ्यासकट आपल्या पाठपिशवीवर दोरीने करकचून बांधले. मागून पाहणाऱ्याला एक मोठे कासव डोंगर चढते आहे असेच वाटले असते. पाऊस तर असा पडत होता की माझ्यावर ताशा वाजत होता. मी थरथरत होतो, पण आनंदाने! बाहेर! वर! किती वर्षांनी!

माथ्यावर पोचलो आणि अचानक ढग फाटला. ऊन आले, चक्क कडक ऊन, आणि चारी बाजूंना डोंगरच डोंगर. तिघेही आतल्या कपड्यांपर्यंत चिंब भिजली होती. विल्माने बूट काढून पाणी ओतले, मोजे पिळले, मग सदरा पिळला आणि म्हणाली, "आता उरलेलं तरी अंगावर ठेवून काय करू? वर कोण बघतंय? मेंढ्या?"

"अगं, मी आहे ना इथे," डूगल म्हणाला.

"तू वळून उभा राहा. नाहीतर तूही वाळत घाल."

पाचच मिनिटांत दगडांच्या राशीवर तिघांचे कपडे वाळत पडले आणि तिघेही उन्हात हात पसरून लहान मुलांसारखी हसत उभी राहिली. मी जगात पुष्कळ आनंदी माणसे पाहिली आहेत, बहुतेक स्कोन खाताना. पण इतकी आनंदी माणसे पाहिली नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून पिवळा रेनकोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ वर आले. एफी दगडांमागे बसली. विल्माने नकाशा उलगडून स्वतःला त्यात गुंडाळले. डूगलने झडप घालून मला उचलले, तेव्हा गोळा माझ्यावरून घरंगळत शेवाळात गेला.

गृहस्थांनी सभ्यपणे टोपी उचलली. "हवा छान उघडली."

"हो ना. सकाळी वाटलं नव्हतं," डूगल मला घट्ट धरून म्हणाला.

"तो तिथे पडलाय तो मनुकांचा गोळा आहे का हो?"

त्यांना मोठा तुकडा मिळाला. जाताना त्यांनी एफीच्या कॅमेऱ्याने फोटो काढून दिला. मधे डूगल, त्याच्या पुढ्यात मी, मागे दगडांच्या वर दोन बायकांची हसरी डोकी. आणि माझे हरीण तिरक्या नजरेने पाहते आहे, मला यात ओढू नका, असे म्हणत.

हा फोटो विल्माने चौकट करून दुकानात लावला. सगळे गाव हसून गेले. मग पेगी आली. तिने चष्मा लावला, फोटो पाहिला, चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"मी तुला चहासाठी ट्रे दिला होता, एफी," ती म्हणाली. "टपालवाल्याला झाकायला नाही."

"अहो पेगीताई, मागची बाजू फोटोत आलीच नाही," डूगल समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून पेगीने दुकानात पाऊल टाकले नाही. समोरून जायची वेळ आली तर ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाई. एफी खिडकीतून हात करी, पेगी तळ्याकडे पाही. मला फार वाईट वाटे. भेट म्हणून आलो मी, आणि अबोल्याचे कारणही मीच झालो.

पण डोंगर काही थांबले नाहीत. आता प्रत्येक सोमवारी मी पाठीवर! काय दिवस होते ते! उघड्या अंगाने उन्हात उभे राहणे हा तिघांचा छंदच होऊन बसला. पण तो वाटतो तितका सोपा नाही. ऊन हवे, आणि आमच्याकडे ते पाहुण्यासारखे येते. वारा फार असला तर माणसे निळी पडतात. वारा अजिबात नसला तर चिलटांचे थवे येतात आणि उघडे अंग म्हणजे त्यांना लग्नाची पंगत. एकदा डूगलला अशा जागी चिलटे चावली की आठवडाभर त्याने टपाल उभ्यानेच वाटले, चहाही उभ्यानेच प्यायला. शिवाय एक पक्का नियम होता: माथ्यावर दुसरे कुणीही असले तर एक बटणसुद्धा काढायचे नाही. त्यामुळे दहा डोंगरांत कुठे एकदा योग येई. तो आला की आरडाओरडा, घाई, बुटांच्या नाड्यांच्या गाठी, आणि फोटोच्या वेळी माझ्यावरून भांडण. ट्रे एक आणि माणसे तीन!

"मागच्या वेळी तू घेतला होतास."

"तुला नकाशा आहे ना? नकाशा मोठा आहे."

"नकाशा वाऱ्याने उडतो, विल्मा. मी म्हातारा माणूस आहे."

कुणासाठी कुणी असे भांडते का हो? मी तर धन्य झालो होतो.

वर्षे गेली. एफीचे डोंगर संपत आले तसा तिचा उजवा गुडघाही संपत आला. चढताना तो कसाबसा साथ देई, पण उतरताना ती कळवळे. डॉक्टरांनी सांगितले, पानगळीच्या दिवसांत गुडघा बदलायचा, आणि त्यानंतर उंच डोंगर विसरायचे. तेव्हा एकच तीनहजारी उरला होता, बेन ओरग. तो तिने मुद्दाम मागे ठेवला होता. शेवटचा डोंगर सोपा ठेवायचा, म्हणजे एरवी डोंगर न चढणारी आपली माणसेही बरोबर येऊ शकतात, वर सगळ्यांनी मिळून केक खायचा, व्हिस्कीचा घोट घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. आणि एफीला बरोबर कोण हवे होते ते मला चांगले ठाऊक होते.

ती गरम स्कोन माझ्यावर मांडून पेगीच्या दारात गेली.

"ताई, सोमवारी शेवटचा डोंगर आहे. अर्ध्या वाटेपर्यंत तरी ये."

"माझं वय काय, आणि तुमचे थेर काय!" पेगी म्हणाली. तिने स्कोन काढून घेतले, मला परत दिले आणि दार लावले. एफी मला छातीशी धरून घरी आली.

जूनमधला तो सोमवार उजाडला तोच धुके घेऊन. तिघेच निघाली. एफी गुडघ्याला पट्टी बांधून, दोन काठ्या टेकत, हळूहळू. तिच्या पाठीवर मी. डूगल नकाशा घेऊन पुढे.

"वाट दाखवणाऱ्या यंत्रात बघून डोंगर चढणाऱ्यांनी घरीच बसावं," तो दर वळणावर म्हणे. "टपालवाल्याला पत्ता विचारायचा नसतो."

बऱ्याच वेळाने चढ संपला आणि धुक्यातून दगडांची एक भलीमोठी रास समोर आली. पुढे सगळीकडे उतारच दिसत होता. आणि काय सांगू, मित्रांनो! त्याच क्षणी डोक्यावरच्या धुक्याला भोक पडले. निळे आभाळ, झगझगीत ऊन, वारा अगदी बेताचा! आसपास चिटपाखरू नाही!

"योग!" विल्मा किंचाळली. "पटकन! बंद व्हायच्या आत!"

मग काय विचारता! काठ्या एकीकडे, बूट दुसरीकडे. नकाशा कुणी पाहिलाच नाही. एफीने राशीला दोन्ही हात लावले, डोळे पुसले, आणि मग तिघे उन्हात उभी राहून नाचली. एफीसुद्धा, एका पायावर. शेवटचा डोंगर तिचा म्हणून या वेळी मी न भांडता तिच्या वाट्याला आलो. केक कापला. व्हिस्कीचा घोट फिरला. डूगलने बेसूर आवाजात गाणे धरले. मी उन्हाने तापलो होतो आणि मला वाटत होते, इथेच माझे आयुष्य संपले तरी चालेल.

आणि मग समोरचे धुके उचलले गेले.

पलीकडे, मधल्या खोलगट घळीच्या पल्याड, दुसरा माथा उभा होता. आमच्यापेक्षा चांगला एका घराएवढा उंच. त्याच्यावर दगडांची एक छोटीशी रास. आणि त्या राशीशेजारी, चर्चला घालायचा काळा कोट आणि टोपी घालून, मांडीवर थर्मास ठेवून बसली होती पेगी!

तिच्यामागे शेजारचा मेंढपाळ रॉरी आपल्या चारचाकी मोटरसायकलला टेकून आभाळाकडे पाहत होता. सभ्य माणूस.

एफीने मला दोन्ही हातांनी गच्च धरले. मग पेगी उठली आणि चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज घळ ओलांडून आला.

"एफी! कपडे घाल! आणि इकडे ये! डोंगर हा आहे!"

विल्मा हसून हसून खाली बसली. डूगलने आता कुठे नकाशा उलगडला, उलटा धरला, सुलटा केला आणि त्याचा चेहरा पडला. धुक्यात फसलेले लोक वर्षानुवर्षे याच खोट्या माथ्यावर थांबून दगड रचत आले होते. म्हणूनच इथली रास मोठी होती. चुकलेल्यांनीच ती वाढवली होती, आणि आज तिच्यात आमची भर पडली.

घाईघाईत कपडे चढले. एफीच्या अंगात डूगलची विजार गेली आणि डूगलला विल्माचा जांभळा स्वेटर मिळाला. पण एफीचे हसू आता मावळले होते. ती घळीकडे पाहत होती. उतार तीव्र होता, दगडगोट्यांचा. चढ तिने निभावला असता, पण हा उतार तिच्या गुडघ्याला जमणार नव्हता. तिने दोन पावले टाकून पाहिली आणि कळवळून बसली.

"हाच माथा समज," डूगल हळूच म्हणाला. चुकीचा पत्ता वाटल्याचे दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. "थोडाच तर लहान आहे. कुणाला कळणार आहे?"

"ताई बघतेय ना," एफी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि ती आलीय रे, डूगल. ती वर आलीय. मी इथून हात हलवून परत जाऊ?"

घळीच्या एका कुशीत, ऊन न पोचणाऱ्या जागी, हिवाळ्यातला बर्फ अजून उरला होता. लांबलचक पांढरा पट्टा, वरपासून जवळजवळ तळाच्या गवतापर्यंत. एफीने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण माझ्याही अंगावर शहारा आला.

"नाही हं," विल्मा म्हणाली. "एफी, तू पासष्ट वर्षांची आहेस."

"म्हणूनच. आता नाही तर कधी?" एफी म्हणाली. "डूगल, खाली जाऊन उभा राहा. मला धर."

डूगल धडपडत खाली उतरला आणि गवतात पाय रोवून, हात फैलावून उभा राहिला. एफीने मला बर्फाच्या कडेवर ठेवले, माझ्यावर बसली, दुखरा पाय सरळ केला आणि माझे दोन्ही कान धरले. पलीकडून पेगी ओरडली, "एफी, खबरदार!" पण तोवर आम्ही सुटलो होतो!

काय तो वेग! कपबशा वाहणारा मी, वाऱ्याच्या पुढे पळत होतो. एफी किंचाळत होती, मीही किंचाळत होतो, पत्रा बर्फावर किंचाळतो तसा. अर्ध्यात आम्ही गर्रकन फिरलो आणि पाठमोरे झालो, पुन्हा फिरलो. बर्फ संपला तिथे दगडगोटे होते. तिथेच माझे हरीण गेले, मित्रांनो. खर्रर्र आवाज झाला आणि त्याचे पाय, पोट, मान, एक डोळा, सगळे त्या घळीत राहिले. मग आम्ही डूगलवर आदळलो आणि तिघे गवतात आडवे झालो.

"लागलं का?" डूगलने खालून विचारले.

"मला नाही," एफी त्याच्यावरून उठत म्हणाली. "अजून एकदा करावंसं वाटतंय."

पुढचा चढ लांब नव्हता, पण एफीने तो कसा काढला ते मी तिच्या पाठीवरून अनुभवले आहे. चार पावले, थांबा. चार पावले, थांबा. तिची पाठ धापेने हलत होती. पायी उतरून आलेली विल्मा मागून ढकलत होती आणि डूगल जांभळ्या स्वेटरमध्ये पुढून ओढत होता. पेगी वरून खाली पाहत उभी होती. शेवटच्या दगडांपाशी तिने हात पुढे केला, आणि एफीने तो धरला. मग एफीने दुसरा हात त्या छोट्या राशीवर ठेवला. या वेळी कुणी नाचले नाही. एफी ताईच्या काळ्या कोटात तोंड खुपसून रडली.

"कशी आलीस तू?" तिने शेवटी विचारले.

"या रॉरीच्या फटफटीवर. हाडं खिळखिळी झाली. शेवटचं तर पायीच आले."

"पण नाही म्हणाली होतीस."

पेगीने थर्मासचे झाकण काढले, पुन्हा लावले. "आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तुला एकटीला कुठे पाठवायची नाही, असं मी ठरवलं होतं. आणि तू दोनशे ऐंशी डोंगरांवर जाऊन आलीस. मी खाली बसून दर सोमवारी घड्याळ बघायची. रागावणं सोपं असतं, एफी. भीती वाटते म्हणून सांगायला लाज वाटते."

चहा झाला. उरलेला केक झाला. नियमाप्रमाणे माथ्यावर दुसरे कुणी होते, म्हणून बटणे बंदच होती. ऊन मात्र असे सुरेख पडले होते की विल्मा सारखी उसासे टाकत होती. पेगी बराच वेळ डोंगरांच्या रांगांकडे पाहत बसली. मग ती खाली वाकली. तिने एक बूट काढला, दुसरा काढला, मग काळे जाड मोजे उतरवले आणि नीट घडी करून टोपीत ठेवले. तिची पांढरीफटक पावले कितीतरी वर्षांनी उघड्यावर आली होती. ती शेवाळावर उभी राहिली, बोटे हलवली, आणि हसली. खळखळून! पेगी गिलिस हसली!

"फोटो काढतोस का, रॉरी?" एफीने विचारले.

"थांबा," पेगी एकदम दचकून म्हणाली. तिने आपल्या उघड्या पावलांकडे पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि हात पुढे केला. "तो ट्रे दे आधी. माझे पाय दिसतील."

तिने मला पावलांपुढे उभा धरला आणि फोटो निघाला.

मित्रांनो, तो फोटो आता दुकानात पहिल्या फोटोच्या शेजारी आहे. एफीला नवा गुडघा बसला आहे आणि ती तळ्याकाठी फिरते. गेल्या महिन्यात एका रंगाऱ्याने, हरीण पुन्हा रंगवून देतो, म्हटले. पेगीने त्याला चहा पाजून वाटेला लावले. मग एफीने मला खिळा ठोकून भिंतीवर टांगायचे ठरवले, मान म्हणून. तिथे मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी पेगीने मला खाली काढले, माझ्यावर स्कोन मांडले आणि स्वतः गिऱ्हाइकांपुढे नेले.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे कान जोडून सांगतो. तुमच्या घरीही एखादी पोचे आलेली परात असेल, दांडा सैल झालेली कढई असेल. तिला कुंडीखाली ढकलू नका. धुवा, कोरडी पुसा, गंज धरू देऊ नका, पण जपायची म्हणून भिंतीलाही टांगू नका. आणि तुमच्यावर रुसलेले कुणी असेल तर त्याच्या दारात जा. त्याने स्कोन घेऊन दार लावले तरी मनातून नाव खोडू नका, कारण ते माणूस कदाचित आधीच वर जाऊन बसलेले असते. आम्हा जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना एवढेच हवे असते. ऊन पडले आणि वारा बेताचा असला, की आम्हाला बाहेर काढा.